शिक्का त्यांचा, शिक्षा आमची

मावशींच्या पासपोर्टमध्ये शेजारशेजारच्या पानांवर दोन खुणा आहेत. डाव्या पानावर व्हिसा आहे. फोटो, नाव, जन्मतारीख, मुदत, सगळे बिनचूक. उजव्या पानावर त्याच देशाच्या विमानतळावरचा शिक्का आहे आणि त्या शिक्क्यावर काळ्या शाईची फुली आहे. पहिली खूण मिळवायला मावशींना चार महिने लागले. दुसरी द्यायला एका अधिकाऱ्याला वीस मिनिटे पुरली.

मावशी पंचवीस वर्षे पुण्यात पोळ्यांची कामे करत आल्या आहेत. नवरा लवकर गेला. चार घरच्या पोळ्या लाटून त्यांनी मुलीला इंजिनिअर केले. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, तिथे नोकरीला लागली आणि दिवस राहिल्यावर तिने आईला बोलावून घेतले. पहिले बाळंतपण आईने करायचे ही आपल्याकडची रीत. एरवी लेक माहेरी येते, इथे आई लेकीकडे निघाली एवढाच फरक. तिकीट मुलीने काढले. व्हिसाची फी, मुंबईच्या खेपा, गरम कपडे यांसाठी मावशींनी बचत गटातून पंचवीस हजार रुपये उचलले. चारही घरची कामे सोडली. तीन महिने बदली बाई दिली तर परत येईपर्यंत काम तिचेच झालेले असते, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, जुन्या लुगड्यांची दुपटी आणि स्वतः शिवलेली दोन कुंची.

काउंटरवरच्या अधिकाऱ्याने फोनवर हिंदी दुभाषा घेतला. मावशींचे हिंदी भाजीवाल्याशी बोलण्यापुरते.

"भारतात काय करता?"

"पोळ्यांची कामं करते."

"इथे काय करणार?"

"लेकीचं बाळंतपण. तिला खाऊपिऊ घालीन, बाळाला न्हाऊमाखू घालीन. तिची रजा संपली की बाळाला बघीन."

"म्हणजे इथे काम करणार?"

"काम तर करणारच की! लेकीच्या घरी बसून का खायचंय?"

या एका उत्तरावर मावशींना आत एका खोलीत नेले. फोन काढून घेतला. साडीच्या पिना, केसातली आकडी, चप्पल काढायला लावून झडती घेतली. बॅग टेबलावर उलटी केली. एक लाडू फोडून पाहिला. अकरा तास त्या खोलीत त्या बसून होत्या. बाहेर दिवस भरत आलेली त्यांची मुलगी चार तास उभी होती आणि तिला कुणी काही सांगत नव्हते. रात्री एका इंग्रजी कागदावर मावशींची मराठीतून सही घेतली आणि परतीच्या विमानात बसवून दिले.

आमच्या केंद्रावर त्या आल्या तेव्हा तो कागद त्यांनी पिशवीतून जपून काढला. मी तो वाचून दाखवला. 'भेटीसाठीचा व्हिसा असताना रोजगार करण्याचा उद्देश', असे कारण त्यात होते. मावशींनी नीट ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, त्यात पगार किती लिहिलाय?"

मैत्रिणींनो, मला तेव्हा हसू आले होते. आता येत नाही. कारण त्या एका प्रश्नात सगळा अन्याय आहे.

जन्मभर बाईला सांगितले जाते की तू घरात करतेस ते काम नव्हे. आपल्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बाईची नोंद 'काम न करणारी' अशी होते. केंद्र सरकारच्याच २०१९ च्या पाहणीत दिसले की घरातल्या बिनपगारी कामात बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ९७. पाच तास राबूनही ती 'घरीच असते'. रांधा, वाढा, उष्टी काढा याला मोल नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. आणि हीच बाई जेव्हा आपल्या नातवंडाला न्हाऊ घालायला परक्या देशाच्या दारात उभी राहते, तेव्हा अचानक ते 'काम' ठरते! ते देशाच्या रोजगाराला धोका ठरते. चार भिंतींच्या आत ज्याची किंमत शून्य, त्याच्यासाठी सीमेवर अकरा तासांची कोठडी. वेतन द्यायची वेळ आली की माया, आणि हाकलायची वेळ आली की मजुरी. ही सोय कुणाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

त्याच काउंटरवर एखादा सासरा उभा असता आणि 'मुलाकडे आलोय, नातवाला बागेत फिरवीन' म्हणाला असता, तर त्याला कुणी मजूर ठरवले असते का? बागेत फिरवणे हे आजोबांचे लाड आणि न्हाऊ घालणे ही आजीची नोकरी, असा हा हिशेब आहे.

मावशींनी आमच्याकडे सहानुभूती मागितली नाही. त्या म्हणाल्या, "माझे पैसे भरून द्यायला सांगा." आम्ही नुकसानीचा कागद केला. गटाचे कर्ज आणि व्याज. चार घरच्या कामांचे बुडालेले महिने. व्हिसाची फी. मुलीने काढलेले तिकीट. मग खाली एक ओळ लिहिली: झालेली मानहानी. त्यापुढे रक्कम काय लिहायची यावर आम्ही बराच वेळ बसलो होतो.

त्यानंतर अर्जांचा प्रवास सुरू झाला. विमान कंपनीने कळवले की आम्ही प्रवाशाला नेले आणि आणले, आमच्या सेवेत त्रुटी नाही. विमा कंपनीने पॉलिसीतल्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवले. प्रवेश नाकारला गेल्यास भरपाई नाही, हे तिथे लिहिलेलेच होते. त्या देशाच्या वकिलातीने दोन ओळींत उत्तर दिले की व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. आपल्याकडच्या एका कार्यालयातल्या साहेबांनी तर समोर बसवून समजावले, "अहो मॅडम, कुणाला आत घ्यायचं हा त्यांचा सार्वभौम अधिकार आहे. आपण काय करणार?" चार दारे झाली. प्रत्येक दारात माणसे सभ्य होती आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच होते: झाले ते वाईट झाले, पण जबाबदार कुणीच नाही.

या 'सार्वभौम अधिकारा'शी आपल्याला भांडायचे आहे, म्हणून तो आधी नीट समजून घेऊ.

व्हिसा म्हणजे हमी नव्हे, हे कायद्याने खरे आहे. अमेरिकेच्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिलेले आहे. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसा संहितेतही नुसता व्हिसा असल्याने प्रवेशाचा हक्क आपोआप मिळत नाही, असे कलम आहे. व्हिसा वकिलात देते आणि आत घ्यायचे की नाही हे दारातला अधिकारी ठरवतो. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यापासून असा अधिकारी न्यायाधीशासमोर न नेताच माणसाला परत पाठवण्याचा आदेश काढू शकतो, आणि त्या आदेशाने सर्वसाधारणपणे पाच वर्षे त्या देशाचे दार बंद होते.

ठीक आहे. मग प्रश्न असा की व्हिसा देताना नेमके काय विकले जाते? अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाची फी २०२३ मध्ये १८५ डॉलर झाली. शेंगेन व्हिसाची फी २०२४ मध्ये ९० युरो झाली. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही. बँकेचे कागद, घराचे कागद, मुलीचे पत्र, जावयाच्या पगाराची पावती, बोटांचे ठसे, एवढे सगळे तपासून, पैसे घेऊन एक सरकार लिहून देते की या बाईला यायला आमची हरकत नाही. त्या शब्दावर ती बाई कर्ज काढते, काम सोडते. मग तेच सरकार, नवे काही घडलेले नसताना, शब्द फिरवते. साध्या व्यवहारात याला आपण काय म्हणतो? वाण्याने पैसे घेऊन माल दिला नाही तर आपण त्याच्या दुकानासमोर उभ्या राहतो. सरकारने केले की ते सार्वभौमत्व होते!

दार उघडायचे की नाही हा अधिकार सरकारचा असेल. पण दार उघडेन असे सांगून बोलावून घ्यायचे आणि उंबऱ्यावर अपमान करून परत पाठवायचे, कारण सांगायचे नाही आणि खर्चही तिच्याच माथी मारायचा, हा अधिकार कोणत्याही सार्वभौमत्वात बसत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते भाबडे नाही. त्याला जगातल्या न्यायालयांचा आधार आहे.

पण आधी आपल्या देशातल्या बायकांवर या दारात काय गुदरले आहे ते आठवू. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. तिथे राहणाऱ्या वाग्दत्त वराशी लग्न करायला ती आली होती. वाग्दत्त वधूला तेव्हाच्या नियमाने आधी व्हिसा काढावा लागत नसे. लग्न आधीच झालेल्या बायकोला मात्र कागद लागत. अधिकाऱ्यांना संशय आला की ही आधीच विवाहित आहे आणि खोटे बोलते आहे. मग खरे-खोटे कसे ठरवायचे? त्यांनी तिची कौमार्य चाचणी केली! पुरुष डॉक्टरकडून. भारतीय बाई लग्नाआधी कुमारिकाच असणार, नसेल तर ती कुणाची तरी बायको असणार, असे हे शास्त्र. १ फेब्रुवारीला 'द गार्डियन'ने बातमी छापली. भारतात संताप उसळला, ब्रिटनमधल्या आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांनी विमानतळावर धरणे धरले, आणि त्याच महिन्यात ही प्रथा बंद केल्याचे जाहीर करावे लागले.

सरकारने तेव्हा हा एखादा अपवाद असल्यासारखे भासवले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी, मारिनेला मार्मो आणि इव्हान स्मिथ यांनी, ब्रिटनची जुनी सरकारी कागदपत्रे तपासून दाखवून दिले की १९७० च्या दशकात अशा चाचण्या किमान ८० स्त्रियांवर झाल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांमध्ये, म्हणजे आपल्याच भूमीवर झाल्या होत्या. हीथ्रोवरच्या त्या शिक्षिकेने दावा लावू नये म्हणून तिला ५०० पौंड देऊ केले होते, हेही त्यातून पुढे आले. या ५०० पौंडांकडे नीट पाहा, मैत्रिणींनो. ही भरपाई नव्हे. भरपाई म्हणजे चूक कबूल करून दिलेला पैसा. चूक कबूल करावी लागू नये म्हणून दिलेल्या पैशाला आपल्याकडे वेगळा शब्द आहे.

खरी भरपाई कशी असते, ते कॅरिबियन बेटांवरच्या एका तरुणीने दाखवले. १४ मार्च २०११ रोजी जमैकाची शनीक मायरी ही तरुणी बार्बाडोसच्या विमानतळावर उतरली. या बेटांच्या आपसातल्या करारानुसार तिला तिथे सहा महिन्यांपर्यंत राहण्याचा हक्क होता, व्हिसाची गरजच नव्हती. तिला अडवले, शिवीगाळ केली, न्हाणीघरात नेऊन एका स्त्री अधिकाऱ्याने तिच्या गुप्तांगाची झडती घेतली. रात्रभर घाणेरड्या कोठडीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी परत धाडले. ती गप्प बसली नाही. तिने कॅरिबियन न्यायालयात बार्बाडोस या देशावर दावा लावला. तिचे स्वतःचे जमैका सरकार तिच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. बार्बाडोसने झडती झालीच नाही असा पवित्रा घेतला. न्यायालयाने मायरीवर विश्वास ठेवला.

४ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात न्यायालयाने तिला प्रत्यक्ष खर्चापोटी २,२४० आणि झालेल्या यातना व अपमानापोटी ७५,००० बार्बाडोस डॉलर मंजूर केले. हे दोन आकडे मुद्दाम शेजारी ठेवून वाचा. तिकीट वगैरेचे नुकसान २,२४०, आणि माणूस म्हणून झालेले नुकसान त्याच्या तेहतीस पटींहून जास्त. आमच्या अर्जातली ती शेवटची ओळ, जिच्यापुढे काय लिहावे हे आम्हाला सुचत नव्हते, तिची किंमत करता येते, हे या निकालाने सांगितले. न्यायालय इथे थांबले नाही. प्रवेश नाकारायचा तर कारण ताबडतोब आणि लेखी द्या, वकिलाला, वकिलातीला किंवा घरच्यांना कळवू द्या, निर्णयाला आव्हान देता येते हेही त्या माणसाला सांगा, असे बजावले.

'ते करार केलेल्या देशांचे, आपल्याला काय?' असे कुणी म्हणेल. करार नसलेल्यांनाही किमान कागद देण्याची पद्धत अस्तित्वात आहे. शेंगेन देशांच्या सीमा संहितेच्या कलम १४ नुसार प्रवेश नाकारताना नेमकी कारणे असलेला ठराविक नमुन्याचा लेखी कागद द्यावाच लागतो. त्यावर अपील करता येते. अपिलात निर्णय चुकीचा ठरला तर पासपोर्टवरची फुली दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे, आणि त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे मिळणारी भरपाई वेगळी. म्हणजे नकाराचा अधिकारही राहतो आणि उत्तरदायित्वही राहते. दोन्ही एकत्र नांदू शकतात. 'आपण काय करणार' म्हणणाऱ्या साहेबांनी हे कलम एकदा वाचावे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. दुसऱ्यांच्या दारावर धडका मारताना आपल्या दारात काय चालते ते पाहायला नको? फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने राज्यघटनेवरच्या परिषदेला लंडनमधील प्राध्यापक निताशा कौल यांना निमंत्रण दिले होते. बंगळुरू विमानतळावरून त्यांना परत पाठवले गेले. एका सरकारने बोलावले, दुसऱ्याने हाकलले. २० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री दिल्ली विमानतळावर फ्रान्चेस्का ओर्सिनी यांना अडवले. हिंदी साहित्याच्या आणि हिंदीतल्या स्त्रियांच्या नियतकालिकांच्या इतिहासाचा आयुष्यभर अभ्यास केलेली ही विदुषी. पाच वर्षांचा वैध ई-व्हिसा जवळ होता. आपल्याला कारण सांगितले नाही, असे त्या म्हणाल्या. मार्च २०२५ पासून त्यांचे नाव काळ्या यादीत होते, आधीच्या भेटींत व्हिसाच्या अटी मोडल्या होत्या, असे नंतर अधिकाऱ्यांकडून वर्तमानपत्रांना कळले. आक्षेप होता तर व्हिसा आधीच रद्द करून तसे कळवायला काय हरकत होती? वर्तमानपत्रांना सांगता येते ते कारण त्या बाईला का सांगता येत नाही?

त्यांची मते तुम्हाला पटोत न पटोत, प्रश्न तो नाही. काउंटरपलीकडचा माणूस सांगेल तीच पूर्व दिशा, ही रीत त्या देशात जितकी अन्यायाची तितकीच या देशात. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आपल्या परदेशी नागरिकविषयक नव्या कायद्यात, देशाची सुरक्षितता वगैरे कारणांवरून प्रवेश नाकारण्याबाबत इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक मानला आहे. 'अंतिम' हा शब्द मावशींना अडवणाऱ्या त्या अधिकाऱ्यालाही फार आवडला असता!

आपली परंपरा याहून चांगली आहे, आणि ती आपल्याला बायकांनीच मिळवून दिली आहे. १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट सरकारने जप्त केला आणि 'सार्वजनिक हित' म्हणून कारण द्यायला नकार दिला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हा कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि ते हिरावण्याची पद्धत न्याय्य असली पाहिजे, मनमानी नव्हे. ओडिशातल्या नीलावती बेहेरा या आईने पोलीस कोठडीत मेलेल्या मुलासाठी न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला दीड लाख रुपये भरपाई देताना स्पष्ट केले की मूलभूत हक्क सरकारने तुडवला तर सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येणार नाही. आणि २००० साली चंद्रिमा दास या वकील बाईंनी लढवलेल्या खटल्यात, हावडा स्थानकाच्या यात्री निवासात बलात्कार झालेल्या बांगलादेशी स्त्रीला दहा लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. 'ती परदेशी आहे' हा बचाव चालला नाही, कारण कलम २१ 'व्यक्ती' म्हणते, 'नागरिक' म्हणत नाही. परक्या देशाच्या बाईलाही इथे भरपाईचा हक्क आहे, असे आपण एकदा म्हटलेले आहे. मग तेच आपल्या बायकांसाठी दुसऱ्यांकडे मागायला संकोच कसला?

आमच्या गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा दोन आक्षेप आले. दोन्ही आपल्याच मैत्रिणींचे होते, म्हणून त्यांना उत्तर देणे आवश्यक वाटते.

पहिला असा: "वस्तीत नळाला पाणी नाही आणि आपण विमानाने फिरणाऱ्यांचे प्रश्न घ्यायचे?" विमानाने कोण फिरते हे एकदा विमानतळाबाहेर उभे राहून पाहू या. आखातात घरकामाला निघालेल्या बायका, मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या नऊवारीतल्या आया, रुग्णालयात नोकरी लागलेल्या नर्सेस. प्राध्यापक बाईला परत पाठवले तर निदान वर्तमानपत्रात बातमी येते. पोळ्या लाटणारीला पाठवले तर बचत गटाचा हप्ता थकतो आणि गल्लीत कुजबुज होते की 'काहीतरी केलं असणार, उगीच का पाठवतील?' नळाच्या रांगेतली आणि विमानतळाच्या रांगेतली बाई एकच आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचला: "अपमानाचे पैसे मागायचे म्हणजे अब्रूची किंमत करणे नव्हे का?" नव्हे. अब्रू ही बाईने सांभाळायची काचेची बांगडी आहे, ही समजूतच आपण पुसत आलो आहोत. अपमान करणाऱ्याची लाज जाते, होणाऱ्याची नाही. भरपाई ही दंडाची आणि कबुलीची पावती आहे. ज्याला पैसे मोजावे लागतात तो पुढच्या वेळी शिक्का उचलण्याआधी विचार करतो. ज्याला मोजावे लागत नाहीत त्याच्यासाठी पुढची मावशी रांगेत उभी असतेच.

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. व्हिसा असताना प्रवेश नाकारला तर कारण लेखी द्या, बाईला कळणाऱ्या भाषेत, अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह. न समजलेल्या कागदावर सही घेऊ नका. पहिल्या तासात घरच्यांना आणि वकिलातीला फोन करू द्या. स्थानबद्ध परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानेच दिला आहे. व्हिसा दिल्यानंतर नवे काहीही घडलेले नसताना परत पाठवले, तर फी, तिकीट, बुडालेली मजुरी आणि मानहानी भरून द्या. निर्णय चुकीचा ठरला तर पासपोर्टवरची फुली पुसा. आपल्या सरकारने अशा तक्रारी नोंदवून घ्याव्यात आणि जमैकासारखे आपल्या बाईच्या पाठीशी उभे राहावे. आणि आपल्या विमानतळांवर येणाऱ्या प्रत्येक परदेशी स्त्रीला हेच सगळे मिळावे, त्याकरिता नव्या कायद्यातला तो 'अंतिम' शब्द बदलावा.

हे होईपर्यंत हाताशी आहे ते वापरू या. परत पाठवले गेल्यास नकाराचा कागद मागून घ्या, बोर्डिंग पास टाकू नका, किती वाजता काय झाले ते आठवडाभराच्या आत लिहून काढा. अपिलाची मुदत अनेक देशांत फार थोडी असते, ती आधी पाहा. तुम्हाला परक्या अधिकाऱ्याने नव्हे तर विमान कंपनीनेच, व्हिसा वैध असताना चुकीने विमानात चढू दिले नसेल, तर गोष्ट बरीच सोपी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

मावशींचे अपील त्या देशात दाखल आहे. निकाल लागलेला नाही. चारपैकी दोन घरची कामे परत मिळाली, दोन गेली. गटाचे हप्ते त्यांनी एकही न चुकवता फेडले. नात आता चालायला लागली आहे. आजी तिला फोनच्या काचेतून ओळखते. दोन कुंची लहान झाली, ती मावशींनी शेजारणीच्या नातवाला दिली.

"जिंकलो तर काय कराल?" असे परवा मी त्यांना विचारले. "ती फुली पुसून घेईन आधी," त्या म्हणाल्या, "आणि मग परत जाईन. ह्या खेपेला विचारलं तर सांगीन, काम करायला आले, पण पगार तुम्ही लावा."

अशी फुली ज्यांच्या पासपोर्टवर आहे, त्यांनी आम्हाला लिहावे. गल्लीतल्या कुजबुजीला घाबरून कागद पेटीच्या तळाशी ठेवू नका. एकटीचा अर्ज फायलीत जातो. पन्नासजणींचे अर्ज एकत्र गेले तर ती फाइल कुणाला तरी उघडावीच लागेल.